खोलीच्या मापाचा आवाज
शहाडच्या १० बाय १२च्या हॉलमध्ये सोफा भिंतीला टेकलेलाच असतो. मग ५.१ संचाचे मागचे स्पीकर थेट कानाशी येतात आणि पडद्यावरचे संवाद त्यांच्या आवाजात बुडतात. अशा घराला माझं मत २.१ लाच: टीव्हीच्या दोन बाजूंना दोन चांगले स्पीकर आणि एक छोटा सबवूफर. तो कोपऱ्यात मात्र ठेवू नका. तिथे दोन्ही भिंती खर्ज फुगवतात, शोकेसमधले कप खुळखुळतात आणि सामाईक भिंतीपलीकडचं तान्हं बाळ दचकून उठतं. दोन-तीन फूट पुढे ओढा, खाली जाड रबर द्या. लोकल धडधडत गेली की आवाज वाढवायचा मोह होतो, तो आवरा. निवासी भागात रात्री १० नंतरची मर्यादा ४५ डेसिबल आहे. शेजाऱ्यांची झोप जपा.