शिध्यातून आलेली चव

बेटावरच्या कौटुंबिक सहलीत खाण्याचा खर्च हाताबाहेर जातो, तो बेट मुळात महाग असते म्हणून नव्हे. तर एकाच बेटावर दोन खाद्यव्यवस्था शेजारी शेजारी चालत असतात आणि पाहुण्यासमोर त्यांपैकी महागडी तेवढीच मांडली जाते, म्हणून. मॉरिशसमध्ये हा प्रकार विशेष ठळकपणे दिसतो. सुमारे १,८६५ चौरस किलोमीटरच्या या मुख्य बेटावर समुद्रकाठच्या रिसॉर्टमधील एका माणसाच्या रात्रीच्या जेवणाचा आकडा स्थानिक रुपयांत सहज चार अंकी होतो, तर तिथून थोड्या अंतरावरच्या बसथांब्याशेजारी पोटभर न्याहारी दोन अंकांत आटोपते. मॉरिशसचा रुपया अलीकडे दोन भारतीय रुपयांच्या किंचित खाली राहिला आहे, त्यामुळे हिशेबाला प्रत्येक रकमेची दुप्पट धरली तरी फारसे चुकत नाही, आणि जे चुकते ते प्रवाशाच्या फायद्याचेच असते.

महागाईचे कारण शोधताना बेटाच्या शेतीकडे पाहावे लागते. फ्रेंचांच्या आणि १८१० नंतर ब्रिटिशांच्या राजवटीत इथली सुपीक जमीन मोठ्या प्रमाणावर उसाखाली गेली आणि अन्न बाहेरून आणायचे, साखर बाहेर पाठवायची, असा व्यवहार रूढ झाला. आजही बेटावर खाल्ल्या जाणाऱ्या अन्नापैकी तीन चतुर्थांशाहून अधिक भाग आयात होतो. रिसॉर्टच्या बुफेतील चीज, मांस आणि सफरचंदे दूरदेशीहून येतात, आणि त्यांच्या किमतीत जहाजभाड्यापासून समुद्राच्या देखाव्यापर्यंत सगळे मोजलेले असते. त्यावर ‘हाफ बोर्ड’ नावाची योजना, म्हणजे खोलीच्या भाड्यातच न्याहारी आणि रात्रीचे जेवण धरण्याची पद्धत, कुटुंबाला सोयीची वाटते. परंतु तिच्यामुळे दिवसातले दोन जेवणप्रसंग एकाच छताखाली बांधले जातात आणि बेट जेवते कसे, हे पाहायला फक्त दुपार उरते. दोन लहान मुले सोबत असणाऱ्या कुटुंबाने तर हे पैसे मोजण्यापूर्वी मुले बुफेत प्रत्यक्षात किती खातात याचा विचार करावा.

दुसरी व्यवस्था ही मजुरांच्या अन्नातून घडलेली आहे, आणि या लेखाचा मुख्य मुद्दा असा की मॉरिशसमधील स्वस्त अन्न हेच त्या बेटाचे खरे अन्न असल्यामुळे तिथे काटकसर करणे म्हणजे चवीशी तडजोड करणे नव्हे. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ या जहाजातून ३६ भारतीय मजूर पोर्ट लुई बंदरात उतरले आणि करारबद्ध मजुरीची, म्हणजे ठरावीक वर्षांच्या लेखी कराराने मजूर परदेशी नेण्याची, पद्धत तिथे सुरू झाली. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत या वाटेने साडेचार लाखांहून अधिक माणसे आली. त्यांना पगारासोबत शिधा मिळत असे, आणि त्या शिध्यात तांदूळ, डाळ, मीठ व तेल या गोष्टी असत. ज्या घाटावर ती उतरत आणि नोंदवली जात, तो ‘आप्रवासी घाट’ २००६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला. घाट पाहून झाल्यावर पायी अंतरावरच्या मध्यवर्ती बाजारात गेल्यास त्या शिध्याचे पुढे काय झाले, हे पानावरच दिसते.

त्यातील पहिले नाव दालपुरीचे. भोजपुरी भाषक मजुरांसोबत बिहारकडून आलेला हा पदार्थ म्हणजे शिजवून, कोरडी वाटून, हळद-जिरे लावलेली डाळ मैद्याच्या पारीत भरून लाटलेली आणि तव्यावर भाजलेली पातळ पोळी. मराठी माणसाने तिला गुळाशिवायची पुरणपोळी समजावे, मात्र ती इतकी पातळ आणि मऊ असते की हातात घेतल्यावर कापडासारखी घडी पडते. ती नेहमी जोडीने विकली जाते. दोन पोळ्या एकमेकींवर ठेवून त्यांत मोठ्या पांढऱ्या पावट्यासारख्या दाण्यांची रसभाजी, टोमॅटोचे ‘रुगाय’ (कांदा, लसूण, आले आणि थाइमची पाने घालून आटवलेला रस्सा), कोथिंबिरीची चटणी आणि मागितल्यास वाटलेली मिरची घालून कागदात गुंडाळून देतात. मिरची मागताना सावध राहावे, कारण बेटावरच्या मिरच्या लहान आणि कडक असतात आणि ‘थोडी’ या शब्दाची विक्रेत्याची व्याख्या प्रवाशाच्या व्याख्येशी जुळेलच असे नाही. रोझ हिल गावातील दालपुरीची दुकाने तर बेटभर नाव कमावून आहेत. हीच पोळी लग्नकार्यात खिरीबरोबर वाढली जाते. म्हणजे रस्त्यावर उभ्याने खाण्याचा पदार्थ आणि सणाचा पदार्थ इथे एकच आहे.

हा पदार्थ एवढा स्वस्त का राहिला, याचे उत्तर केवळ विक्रेत्याच्या भलेपणात नाही. ‘स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशन’ ही सरकारी संस्था मैदा आणि रेशनचा तांदूळ आयात करते, त्यांच्या किमतीला सरकार अनुदानाचा आधार देते, स्वयंपाकाच्या गॅसलाही तो आधार मिळतो आणि साध्या पावाची किंमत सरकार ठरवते. अर्थात कागदात गुंडाळलेल्या त्या जोडीमागे एक सार्वजनिक धोरण उभे आहे, आणि रिसॉर्टच्या बुफेला ज्या आयातीने महाग केले त्याच आयातीला इथे अनुदानाने लगाम घातला आहे. पर्यटक या धोरणाचा नकळत लाभार्थी ठरतो; तो लाभ त्याने फेरीवाल्याशी घासाघीस न करता घ्यावा, एवढी सभ्यता पुरे.

दालपुरीखेरीज सकाळी मिळणारा ‘गातो पिमा’ हा डाळवड्याचाच भाऊबंद असून भिजवलेली डाळ जाडसर वाटून, त्यात मिरची, कांद्याची पात आणि कोथिंबीर घालून तळतात, आणि लोणी लावलेल्या पावात दाबून खातात. वडापाववर वाढलेल्या मुलांना तो समजावून सांगावा लागत नाही. परोठ्याला तिथे ‘फाराटा’ म्हणतात. चिनी, विशेषतः हक्का, स्थलांतरितांनी आणलेला भागही तितकाच स्वस्त आणि तितकाच स्थानिक झाला आहे: वाफवलेल्या गोळ्या रश्श्यात सोडून नगावर विकल्या जाणाऱ्या ‘बुलेत’, परतलेल्या शेवया, आणि वाटी उपडी करून वाढला जाणारा ‘बोल राँव्हर्से’, ज्यात तळाशी अंडे, मध्ये भाजी-कोंबडीचे मिश्रण आणि वर भात दाबून मग ती वाटी ताटात पालथी घालतात. ती उचलताच अंडे भाताच्या डोंगरावर आलेले दिसते आणि जेवायला कुरकुर करणारे मूलही एकदा तरी हसते. दुपारच्या उन्हात बाजारातील ‘आलुदा’, म्हणजे सब्जाचे बी आणि अगर-अगरचे तुकडे घातलेले थंडगार दूध, फालुद्याच्या ओळखीचे निघते.

शाकाहारी कुटुंबांना इथे भारताबाहेरच्या बहुतेक बेटांपेक्षा सोपे जाते, कारण दालपुरी, गातो पिमा आणि बहुतेक भाज्या मुळातच निरामिष असतात आणि हिंदू सणांच्या काळात कडक शाकाहार पाळणाऱ्या घरांची संख्या मोठी असते. चिनी पदार्थांबाबत मात्र विचारावे. भाज्यांच्या शेवयांतही माशाचा किंवा कालवांचा रस असू शकतो, आणि ‘भाजीची बुलेत’ ज्या रश्श्यात येते तो रस्सा कशाचा आहे, हे नावावरून कळत नाही.

आठवडाभर राहणाऱ्या कुटुंबाने स्वयंपाकघर असलेली जागा भाड्याने घेणे हा दुसरा उपाय होय, आणि उत्तरेकडील ग्रां बे, पेरेबेर किंवा पश्चिमेकडील फ्लिक आं फ्लाक या भागांत तशा जागा भरपूर आहेत. परंतु हा उपाय अर्धवट केला तर फसतो. सुट्टीवर आलेल्या आईला, किंवा क्वचित बापाला, तीन वेळा चुलीपुढे उभे करून वाचवलेले पैसे बचतीत मोजू नयेत. न्याहारी आणि रात्रीचा वरणभात घरी, दुपारचे जेवण रस्त्यावर किंवा बाजारात, एवढी विभागणी पुरेशी असते. सुपरमार्केटमध्ये आयात वस्तू सांभाळून घ्याव्यात, आणि ताज्या मालासाठी आठवडी बाजार गाठावा: आग्नेयेकडील माएबूरचा बाजार सोमवारी भरतो, पूर्वेकडील फ्लाकचा मोठा बाजार बुधवारी आणि रविवारी. भेंडी, पडवळ, दोडका, कारले, अळू, शेवग्याचा पाला आणि तिथे ‘शुशू’ या नावाने घरोघरी खाल्ला जाणारा चायोटे यांचे ढीग पाहून कोकणातून आलेल्या पाहुण्याला परदेशात असल्याचा क्षणभर विसर पडतो. त्यात नवल नाही, कारण मुंबई बंदरातून गेलेल्या मजुरांत रत्नागिरीच्या बाजूची मराठी माणसेही होती; त्यांचे वंशज आज बेटावर मराठी शिकतात व शिकवतात, आणि गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. पालेभाज्यांना एकत्रितपणे ‘ब्रेद’ म्हणतात. त्या लसूण-आले घालून परततात किंवा पातळ रश्श्यात शिजवून भातावर घेतात, आणि हा साधा प्रकार घरच्या गॅसवर दहा मिनिटांत होतो.

काही सहल कंपन्या रोज रात्री ‘भारतीय जेवणा’ची हमी देतात आणि त्यासाठी जादा आकार लावतात, तो खर्च याच कारणाने सर्वांत वाया जाणारा वाटतो. ज्या बेटावर दोन शतकांत भारतीय स्वयंपाकाने स्वतःचा वेगळा संसार थाटला, तिथे पंजाबी पद्धतीची पनीरची भाजी दुप्पट दराने खाण्यात चवही नाही आणि हिशेबही नाही.

माशांविषयीचा एक समज दूर करणे आवश्यक आहे. चहूबाजूंनी समुद्र असल्याने मासे स्वस्त असतील, ही अपेक्षा मॉरिशसमध्ये बहुधा खोटी ठरते. प्रवाळभिंतीआडच्या उथळ पाण्यातील, म्हणजे लगूनमधील, मासेमारी मर्यादित आहे आणि चांगल्या ताज्या माशांना हॉटेलांकडून मागणी असते. बजेट सांभाळणाऱ्याने भाजलेल्या लॉब्स्टरच्या पाट्यांकडे काणाडोळा करावा आणि ‘व्हिंदाय’ मागावे: तळलेल्या माशाला मोहरी, हळद, लसूण, मिरची आणि व्हिनेगर यांचा मसाला लावून मुरवलेला हा पदार्थ थंडच खातात, पावातही घालतात, आणि गोव्याच्या विंदालूप्रमाणे त्याचीही मुळे पोर्तुगीजांच्या व्हिनेगर-लसणाच्या मुरवणीपर्यंत पोहोचतात. खारवलेल्या माशाचे रुगाय हा गरिबाघरचा पदार्थ तर सुक्या मासळीची सवय असलेल्या कोकणी जिभेला रिसॉर्टच्या कोणत्याही थाळीपेक्षा जवळचा वाटेल.

जेवायला जागा शोधण्यासाठी पैसे मोजावे लागत नाहीत, हीही लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट आहे. किनाऱ्यालगतची सुमारे ८१ मीटर रुंदीची पट्टी जुन्या फ्रेंच व्यवस्थेनुसार सरकारी मालकीची असून हॉटेले तिथे भाडेपट्ट्याने असतात, आणि त्यापुढची वाळू सर्वांना खुली असते. रविवारी बेल मार, मों श्वाझी किंवा ब्लू बे इथे सुरूच्या झाडांखाली स्थानिक कुटुंबे चटया टाकून बसतात. मोठ्या पातेल्यांतून बिर्याणी, डब्यांतून लोणची आणि कापलेला अननस निघतो, ज्यावर मीठ-मिरची भुरभुरतात. पाहुण्या कुटुंबाने सकाळी बाजारातून दालपुरीच्या जोड्या बांधून घेऊन तिथेच जाऊन बसावे. ज्या हॉटेलात एका थाळीमागे चार आकडे मोजले असते, त्याच्या शेजारच्या वाळूवर आणि त्याच समुद्रासमोर चार जणांचे जेवण त्याच्या अंशात होते.

राहिला प्रश्न हंगामाचा. मॉरिशस दक्षिण गोलार्धात असल्याने महाराष्ट्रातील मे महिन्याच्या सुट्टीत तिथे थंडीची चाहूल लागलेली असते आणि आंबा कुठेही नसतो; आंबे आणि लिची नोव्हेंबरपासून पुढे येतात, त्यामुळे फळांच्या ओढीने जाणाऱ्यांना डिसेंबरची नाताळची सुट्टी अधिक मानवते. मात्र तोच काळ चक्रीवादळांचाही असतो. जानेवारी २०२४ मधील ‘बेलाल’सारखे वादळ येऊन गेले की शेतातील पालेभाज्या झोपतात आणि बाजारातील भाव काही आठवडे चढे राहतात, तेव्हा स्वयंपाकघराच्या जागेचा हिशेब थोडा बिघडतो, पण मैद्याचा आणि डाळीचा भाव वादळावर अवलंबून नसल्याने दालपुरीच्या जोडीला त्याची झळ फारशी लागत नाही.