वेताळाचा प्रश्न आणि राजाची घाई

आपल्या वार्षिकांकात दरवर्षी दोन-चार प्रेमकथा आणि एखादी रहस्यकथा असतेच. त्या सर्वांत जास्त वाचल्या जातात आणि त्यांच्याविषयी सर्वांत कमी बोलले जाते. ‘रंजक आहे’ एवढे म्हटले की जणू विषय संपला. प्रेम आणि उत्कंठा एकत्र आली की कथा हलकी ठरते, हा समज मला मान्य नाही. का मान्य नाही हे सांगण्यासाठी मी एक जुनी गोष्ट आणि तिच्यावरून लिहिलेली एक अलीकडची कथा यांचा आधार घेणार आहे.

विक्रम आणि वेताळ आपल्याला नवे नाहीत. कोणी आजीकडून ऐकले असतील, कोणी ‘चांदोबा’च्या जुन्या अंकांत वाचले असतील. सोमदेवाने अकराव्या शतकात काश्मिरात रचलेल्या ‘कथासरित्सागरा’त वेताळाच्या ज्या गोष्टी आहेत, त्यांतली ही सहावी. धवल नावाचा परटाचा मुलगा देवीच्या तीर्थावर मदनसुंदरीला पाहतो. त्याचे अन्नपाणी सुटते. शेवटी दोघांचे लग्न होते. पुढे तिचा भाऊ दोघांना उत्सवासाठी माहेरी न्यायला येतो. वाटेत देवीचे देऊळ लागते. धवल एकटाच आत जातो आणि स्वतःचे मस्तक देवीला वाहतो. त्याला शोधायला गेलेला मेहुणाही तेच करतो. बराच वेळ झाला तरी कोणी परत येईना, म्हणून मदनसुंदरी आत जाते. तिथले दृश्य पाहून ती गळफास घ्यायला निघते, तोच देवी प्रसन्न होते आणि शिरे धडांना लावायला सांगते. घाईत शिरांची अदलाबदल होते. आता तिचा नवरा कोण?

राजा सांगतो : ज्याच्या धडावर नवऱ्याचे डोके, तोच नवरा, कारण सर्व अवयवांत मस्तक श्रेष्ठ. वेताळ उडून पुन्हा झाडाला जाऊन लटकतो आणि गोष्ट संपते.

लहानपणी मला हे उत्तर फार हुशारीचे वाटले होते. आता तसे वाटत नाही. एक तर राजाला विचार करायला सवडच नव्हती. उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर तुझ्या डोक्याची शकले होतील, अशी त्याला धमकी होती. ज्याचे स्वतःचे डोके धोक्यात, त्याने डोक्याच्या बाजूने निकाल द्यावा यात नवल ते काय! आणि दुसरे म्हणजे, जिला संसार करायचा होता तिला कोणीच काही विचारले नाही.

जर्मन लेखक थॉमस मान याने 1940 साली याच गोष्टीवरून एक दीर्घकथा लिहिली. नाझी राजवटीमुळे तो तेव्हा मायदेशाबाहेर, अमेरिकेत राहत होता. त्याच्या कथेत भावाऐवजी मित्र आहे, आणि आणखी एक मोठा फरक आहे. सोमदेवाकडे सगळे परीटच. मानकडे श्रीदमन हा ग्रंथ वाचणारा, नाजूक अंगाचा, तर नंदा हा लोहारकाम करणारा, गुरे राखणारा, दणकट. सीता लग्न करते श्रीदमनशी, पण तिचे डोळे नंदाच्या दंडांवर खिळतात. मग देऊळ, तलवार, देवी आणि अदलाबदल. तिघे एका तपस्व्याकडे न्याय मागायला जातात. तोही शेवटी डोक्याच्याच बाजूने कौल देतो.

राजा जिथे थांबला तिथे मान थांबत नाही. कथेतली खरी उत्कंठा इथून पुढे आहे. सीतेला नवऱ्याचे डोके आणि मित्राचे शरीर असा दोन्हींचा लाभ होतो. काही दिवस सुखाचे जातात. पण वरचे डोके पूर्वीसारखेच पुस्तकांत बुडलेले. हळूहळू ते खालच्या शरीराला आपल्यासारखे करून घेते. दणकट हात मऊ पडू लागतात. सीतेचे मन पुन्हा नंदाकडे ओढ घेते.

त्या पानावर मी थांबले. माझे वडील गवंडीकाम करतात. मी महाविद्यालयात आले तेव्हा ते म्हणाले, “हाताचं काम आमच्यापर्यंत पुरे, तू डोक्याचं कर.” दोन वर्षांत माझ्या तळहातांचे घट्टे गेले. घरच्यांना त्याचा आनंद आहे, मलाही आहे. पण ‘मस्तक श्रेष्ठ’ हे वाक्य मला आता बिनधास्त म्हणता येत नाही. कारण माझ्या डोक्याची फी वडिलांच्या हातांनी भरली आहे. एका प्रेमकथेने मला हे दाखवले. वर्गातल्या टिपणांतून ते कधी दिसले नव्हते.

मानचे सगळेच मला पटते असे नाही. शेवटी दोघे मित्र एकमेकांना मारतात आणि सीता त्यांच्या चितेवर चढते. गिरीश कर्नाडांच्या ‘हयवदन’ (1971) या नाटकातही, जे चिं. त्र्यं. खानोलकरांच्या अनुवादातून मराठीत आले, पद्मिनीची वाट चितेकडेच जाते. मस्तकाचा निकाल बदलून पाहण्याचे धाडस ज्यांनी केले, त्यांनाही ती जिवंत राहून काय म्हणेल हे लिहिता आले नाही. कोणी म्हणेल, शोकांतिका अशीच असते. असेल. पण तिला जाळले की लेखकाचाही प्रश्न सुटतो, हेही खरे.

म्हणून माझे म्हणणे एवढेच की प्रेमकथेला किंवा रहस्यकथेला हलके म्हणण्याआधी तिची उत्कंठा कशाविषयी आहे ते पाहावे. ‘ती कोणाला मिळणार?’ एवढीच असेल तर ती शेवटच्या पानावर संपते. ‘तिला काय हवे आहे?’ ही असेल तर पुस्तक मिटल्यावरही संपत नाही. जुन्या गोष्टी घेऊन नव्या कथा लिहिणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनी जरूर लिहावे, पण राजाने उत्तर दिले तिथून पुढे लिहावे. मदनसुंदरी देवळाबाहेर येऊन अजून उभी आहे. पुढच्या अंकासाठी तिला कोणीतरी बोलते करावे.

— द्वितीय वर्ष, कला