सुकाळांतलें कर्ज

अमेरिकेंतील पेढ्या बुडाल्या तर आमच्या भाकरीस कां धक्का लागावा, असें कित्येक बंधू विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर शेटजीच्या तोंडून न ऐकतां आपणच समजून घेतलें पाहिजे.

गांवांत एक घर पिकवितें, विकतें व शिल्लक टाकितें. शेजारचें घर मिळकतीपेक्षां जास्त खर्च करितें. पहिलें घर शिल्लक उसनी देतें, आणि त्याच पैशानें दुसरें घर पहिल्याचा माल घेतें. कांहीं वर्षें दोन्ही घरें सुखी दिसतात. २००८ पूर्वीं जगाचें असेंच झालें. चीन, जपान, जर्मनी व तेलवाले देश शिल्लक टाकीत होते. अमेरिकेची परदेशाशीं तूट २००६ सालीं तिच्या उत्पन्नाच्या शेंकडा सहाच्या घरांत गेली होती. शिल्लकेचा पैसा तिच्या रोख्यांत शिरला, व्याज उतरलें, आणि पेढीवाल्यांनीं ऐपत नसलेल्यांनाहि घरांसाठीं कर्जें वांटलीं. घरांच्या किंमती पडल्या आणि १५ सप्टेंबर २००८ रोजीं लेहमन ब्रदर्स ही पेढी बुडाली. पेढ्या सांवरण्यास अमेरिकन सरकारनें ७०० अब्ज डॉलर मंजूर केले. घरें मात्र लाखों गरिबांचीं गेलीं. गिऱ्हाईक आटलें तेव्हां सुरतेच्या हिरे-कारागिरांचेंहि काम सुटलें. आमच्या भाकरीचा संबंध तो हा!

आम्हांस हें नवें नाहीं. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी पेटली, तिकडचा कापूस विलायतेस जाईना, म्हणून आमच्या कापसास सोन्याचा भाव आला. मुंबईंत चांदीचा पूर लोटला व बॅक बे कंपनीच्या शेअरांवर सट्टा माजला. १८६५ सालीं युद्ध थांबलें, भाव कोसळले, शेअर मातीमोल झाले. खेड्यांत काय झालें? चढत्या भावांत सावकारानें सढळ हातानें दिलेलें कर्ज उतरत्या भावांत कुणब्याच्या गळ्याचा फास झालें. त्यांतच सरकारनें सारा वाढविला. अखेर मे १८७५ मध्यें सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांचे कर्जरोखे जाळले, आणि १८७९ सालीं सरकारला शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा करावा लागला.

सुकाळांत नफा एकाचा आणि दुष्काळांत भरणा दुसऱ्याचा, ही रीत तेव्हांहि होती, आजहि आहे. बंधूंनो, कर्ज स्वस्त मिळूं लागलें कीं आनंदण्याआधीं विचारा: हा पैसा आला कोठून, आणि भाव पडल्यास फेडणार कोण? भाव अर्धा झाला तरी हप्ता भरतां येईल, एवढेंच कर्ज काढा. कागद वाचल्याशिवाय सही किंवा अंगठा देऊं नका. आपल्या मुलामुलींना व्याजाचा हिशेब शिकवा. अज्ञानाइतका महाग सावकार दुसरा नाहीं!