थार उंच करण्याआधी खाली वाकून पाहा

नाशिकला तयार होणारी महिंद्राची थार कारखान्यातून निघते तेव्हा तिचा सर्वांत खालचा भाग जमिनीपासून २२६ मिलिमीटर वर असतो. साध्या हॅचबॅकमध्ये हेच अंतर १६०-१७० मिलिमीटरच्या आसपास असते. म्हणजे उंच गाडीच विकत घेतलेली असते; तरीही ती आणखी दोन-तीन इंच उचलून घेण्याची हौस आपल्या शहरांत वाढली आहे. गॅरेजवाला दोन पर्याय समोर ठेवतो. एक बॉडी लिफ्ट, म्हणजे चासी आणि वरची बॉडी यांच्यामध्ये ठोकळे घालून फक्त बॉडी उचलायची. दुसरी सस्पेन्शन लिफ्ट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअब बदलून चासीसकट सगळी गाडी वर घ्यायची. पहिली स्वस्त, दुसरी ‘खरी’, असा त्यावरचा सर्वसाधारण शेरा. माझ्या मते हा शेरा अर्धवट आहे. दगडमातीच्या वाटेवर खरोखर जाणाऱ्याने दीड-दोन इंचांची सस्पेन्शन लिफ्टच निवडावी आणि बॉडी लिफ्टच्या वाटेला जाऊ नये, हे मला मान्य आहे. पण ही निवड गॅरेजच्या काउंटरवर होऊ नये. ती गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या आणि तपासणी करणाऱ्या संस्थेच्या हातून व्हावी.

बॉडी लिफ्टचा मामला सोपा आहे. शिडीसारखी स्वतंत्र चासी असलेल्या गाडीत बॉडी रबरी गाद्यांवर बसवून बोल्टांनी आवळलेली असते. ते बोल्ट काढून मध्ये एक ते तीन इंचांचे ठोकळे घालायचे आणि लांब बोल्ट लावायचे, की काम झाले. गाडी लांबून दांडगी दिसते. पण चासी, इंजिन, गिअरबॉक्स, ॲक्सल, इंधनटाकी यांतले काहीही जमिनीपासून तसूभरही वर गेलेले नसते. खोगिराखाली घडी वाढवल्याने घोड्याचे पाय लांब होत नाहीत, तसेच हे. मिळते ती एकच गोष्ट: मडगार्डखाली मोकळी जागा, म्हणजे मोठे टायर बसवायची सोय. त्यासाठी स्टिअरिंगचा दांडा लांबवावा लागतो, गिअरच्या काठ्या खाली पडतात, रेडिएटरचे होज आणि अर्थिंगच्या वायरी ताणल्या जातात, आणि चासीला बसवलेला बंपर खालीच राहून बॉडीशी फट पडते. ही फट झाकायच्या पट्ट्या वेगळ्या विकतात, यातच काय ते आले.

सस्पेन्शन लिफ्टने चासी वर जाते. दोन चाकांच्या मधोमध येणारा उंचवटा ओलांडताना पोट घासते त्यावर तिचा उपयोग थेट दिसतो. थारच्या पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर २४५० मिलिमीटर आहे आणि उंचवटा पार करायचा कोन कंपनीच्या आकड्यांप्रमाणे २७ अंश. चासी ५० मिलिमीटर वर गेली तर साध्या भूमितीने हा कोन ढोबळमानाने चार ते पाच अंशांनी वाढतो. दगडांच्या वाटेवर हा फरक अडकणे आणि निघणे यांतला ठरू शकतो. पण ‘खरी लिफ्ट’ म्हणणारे एक गोष्ट सांगत नाहीत. थारचा मागचा ॲक्सल अखंड आहे. त्याच्या मध्यावरचा डिफरन्शियलचा गोळा चाकांबरोबर राहतो, चासीबरोबर नाही. स्प्रिंग कितीही उंच लावा, तो गोळा होता तिथेच राहतो. पावसाळ्यानंतर आपल्याकडच्या कच्च्या वाटांवर चाकोऱ्या खोल जातात आणि मधला माथा उंच राहतो. त्या माथ्यावर टेकतो तो हाच गोळा. तिथे बॉडी लिफ्टही कामाची नाही आणि सस्पेन्शन लिफ्टही नाही. गोळा वर नेतो तो फक्त मोठा टायर, आणि तोही निम्म्या हिशेबाने: ३१ इंचांऐवजी ३३ इंचांचा टायर लावला तर ॲक्सल एक इंच वर. (चाकोरी सोडून एक चाक माथ्यावर चढवणारा चालक हेच काम फुकटात करतो, पण त्याचा स्टिकर मागच्या काचेवर लावता येत नाही.)

पुढच्या चाकांची गोष्ट उलटी आहे. तिथे थारला स्वतंत्र सस्पेन्शन आहे आणि पुढचा डिफरन्शियल चासीच्या आधाराने बसतो, म्हणून चासीबरोबर तो वर जातो. चाके मात्र खालीच असल्याने त्यांना फिरवणारे दांडे जास्त तिरके होतात. या दांड्यांच्या सीव्ही जॉइंटवर ताण येतो, त्यांचे रबरी बूट लवकर फाटतात, आणि अलाइनमेंट कारखान्याने ठरवलेल्या मर्यादेत बसेनासे होते. दीड-दोन इंचांपर्यंत हे आवाक्यात ठेवता येते. त्यापुढे प्रत्येक इंचाला नवा आर्म, नवा ब्रॅकेट, नवी डोकेदुखी. शिवाय बाजारात सस्पेन्शन लिफ्ट म्हणून जे स्वस्तात मिळते ते पुष्कळदा स्प्रिंगवर बसवलेला स्पेसर असतो. त्याने गाडी उंच उभी राहते, पण चाकाची वर-खाली होण्याची एकूण चाल वाढत नाही. शॉकअब तोच असेल तर चाकाला खड्ड्यात उतरायला आधीपेक्षा कमी जागा उरते. खडबडीत वाटेवर गाडी पुढे जाते ती जमिनीला टेकलेल्या चाकांमुळे. चाक हवेत लटकले तर उंची शोभेची. म्हणून माझी पसंती आहे ती स्प्रिंग आणि शॉकअब एकमेकांना जुळवून केलेल्या बेताच्या लिफ्टला, नुसत्या स्पेसरला नाही.

यावर बॉडी लिफ्टवाल्यांचा एक आक्षेप वजनदार आहे आणि तो टाळून पुढे जाणे बरोबर नाही. ते म्हणतात, आम्ही गाडीचा गुरुत्वमध्य कमी वर नेतो आणि सस्पेन्शनच्या भूमितीला हात लावत नाही. दोन्ही खरे आहे. अमेरिकेची वाहनसुरक्षा यंत्रणा गाडी उलटण्याचा धोका ठरवताना एक साधा भागाकार करते: डाव्या-उजव्या चाकांतले अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट. साध्या मोटारींचे उत्तर १.३ ते १.५ येते, उंच एसयूव्ही आणि पिकअपचे १.० ते १.३. समजा चाकांतले अंतर १५०० मिलिमीटर आणि गुरुत्वमध्य ७०० मिलिमीटरवर आहे; उत्तर १.०७. दोन इंचांच्या सस्पेन्शन लिफ्टने गुरुत्वमध्य चाळीसेक मिलिमीटर वर गेला तर ते १.०१ वर येते. बॉडी लिफ्टने, बॉडीचे वजन निम्मे धरले तर, पंचवीसेक मिलिमीटरच वाढतात आणि उत्तर १.०३ राहते. फरक आहे, पण कशाच्या बदल्यात? सस्पेन्शन लिफ्टवाल्याने स्थैर्य खर्चून पोटाखालची जागा तरी मिळवली. बॉडी लिफ्टवाल्याने तेच स्थैर्य थोड्या कमी प्रमाणात खर्चले आणि खाली काहीच मिळवले नाही. शिवाय सीट आणि सीटबेल्ट बॉडीला असतात, आणि टक्कर झाली की बॉडी चासीवरून पुढे सरकू पाहते. तिला धरून ठेवणारे बोल्ट लांब झाले की त्यांच्यावर वाकण्याचा ताण वाढतो. २०२० साली टक्कर-चाचण्या घेणाऱ्या ग्लोबल एनकॅपने थारला सुरक्षेचे चार तारे दिले ते कारखान्याने आवळलेल्या बोल्टांसकट. ठोकळे घातलेल्या थारला कोणी तारे मोजलेले नाहीत.

मोठ्या टायरसाठी तरी बॉडी लिफ्ट हवी, हा दुसरा आक्षेप. पण टायर मोठा झाला की गाडीचा सगळा हिशेब बदलतो. ३१ चा टायर ३३ इंचांचा केला तर स्पीडोमीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी ८५ ने धावत असते. ब्रेकला जास्त जड चाक थांबवावे लागते. घाटात एक गिअर खाली यावे लागते. जीपने २०२१मध्ये रँग्लरला ३५ इंचांचे टायर कारखान्यातूनच द्यायचे ठरवले, तेव्हा नुसते टायर बसवून ती थांबली नाही. सस्पेन्शन दीड इंच उचलले, शॉकअब नव्याने जुळवले, ॲक्सलचा गिअर रेशो ४.५६ केला, मागच्या दारावर जड स्टेपनी टांगायची म्हणून त्याच्या बिजागऱ्याही मजबूत केल्या. ज्यांच्याकडे हवे तेवढे अभियंते आणि स्वतःचे चाचणी मैदान आहे त्यांनी लिफ्ट घेतली दीड इंचाची, तीही सस्पेन्शनची. आपल्याकडे तीन इंचांखाली बोलणे कमीपणाचे वाटते.

आता कायद्याकडे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये केरळातल्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-ए प्रमाणे अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. मग या चर्चेला अर्थ काय, असे कोणी विचारील. अर्थ असा, की सरसकट बंदी असूनही उंच केलेल्या गाड्या रस्त्यावर धावताहेत आणि चांगली लिफ्ट, वाईट लिफ्ट यांत कायद्याच्या लेखी फरक उरलेला नाही. जुळवून बसवलेले दीड इंच आणि तीन इंचांचे ठोकळे दोन्ही सारखेच बेकायदा असतील तर गिऱ्हाईक स्वस्त तेच घेणार. ‘माझी गाडी, माझा धोका’ हा युक्तिवादही टिकत नाही. उंच बंपर समोरच्या लहान गाडीच्या बंपरला न भिडता तिच्या दारावर चढतो, आणि वर गेलेल्या हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

यातून वाट काढायचा नमुना आपल्याकडेच आहे. पेट्रोल गाडीला सीएनजी किट बसवणे हाही मोठाच बदल. पण मान्यताप्राप्त किट, अधिकृत ठिकाणी बसवणे आणि आरसी बुकात नोंद, या तीन अटींवर तो कायदेशीर होतो. पुण्याची एआरएआय ही तपासणी संस्था वाहनांना आणि अशा किटना मान्यता देण्याआधी त्यांच्या चाचण्या घेतेच. ठरावीक मॉडेलसाठी दोन इंचांपर्यंतची सस्पेन्शन किट तिच्याकडून तपासून घ्यावीत, कंपन्यांनी ती आपल्या शोरूममधून बसवून द्यावीत, आणि बॉडी लिफ्ट या परवानगीच्या बाहेर ठेवावी. याला किचकट यंत्रणा लागते असे नाही. कॅलिफोर्नियाचा कायदा प्रवासी मोटारी वगळता इतर वाहनांपैकी साडेचार हजार पौंडांपर्यंत एकूण वजनाच्या वाहनाची चासी जमिनीपासून २७ इंचांवर जाऊ देत नाही. त्यापुढे साडेसात हजार पौंडांपर्यंत ही मर्यादा ३० इंच. बॉडीचा तळ चासीच्या माथ्यापासून पाच इंचांहून वर नको, हे कलमही त्यात वेगळे आहे. नॉर्थ कॅरोलायनाने डिसेंबर २०२१ पासून पुढचे मडगार्ड मागच्यापेक्षा चार इंच किंवा जास्त उचललेल्या गाड्यांना बंदी केली. या सगळ्या मर्यादा मोजपट्टीने मोजता येतात. आरटीओच्या निरीक्षकाला गाडीखाली वाकून दोन मापे घ्यायची आहेत, जमिनीपासून चासीपर्यंतचे एक आणि चासीपासून बॉडीपर्यंतचे दुसरे.