आधी जागा, मग कॅमेरा

मृग बरसून ताम्हिणीतले धबधबे सुरू झाले की माझ्याकडे दोन प्रकारची विचारणा होते. पहिली, रस्ता कसा आहे? तिचं उत्तर दरवर्षी तेच. दुसरी जरा खर्चाची. परवा भाच्याचा फोन आला, "मामा, गोप्रो घेऊ की डीजेआय? का सरळ थ्री-सिक्स्टीच घेऊन टाकू?" मी विचारलं, "लावणार कुठे?" पलीकडे शांतता. मग म्हणाला, "लावीन की कुठेतरी."

सगळं घोडं इथेच पेंड खातं. तीस-चाळीस हजारांचा कॅमेरा घेताना लोक सेन्सरच्या आकारावर रात्र-रात्र वाद घालतात आणि तो बसवायला मिळेल ते प्लॅस्टिक घेतात. भर दुपारी घाटात काढलेलं फुटेज शेजारी-शेजारी लावलं, तर आजच्या नावाजलेल्या कॅमेऱ्यांतला फरक मोबाइलच्या पडद्यावर भल्याभल्यांना सांगता येणार नाही. कॅमेरा हनुवटीवर होता की हँडलवर, हे मात्र शेंबडं पोरही सांगेल. गोप्रोचा जन्मसुद्धा बांधण्याच्या प्रश्नातून झाला आहे. निक वूडमनला लाटांवर स्वार असताना फोटो काढायचे होते, म्हणून त्याने आधी मनगटाला कॅमेरा बांधायचा पट्टा केला. २००४ साली बाजारात आलेला त्याचा पहिला कॅमेरा ३५ मिलिमीटर फिल्मचा होता, साधा फोटो काढणारा. व्हिडिओ वगैरे सगळं नंतर.

तर आधी जागा. हँडलबार सगळ्यांना सुचतो, कारण क्लॅम्प तयार मिळतो. पण आपल्याकडच्या एका सिलिंडरच्या गाड्या, त्यातही बुलेटच्या घराण्यातल्या, हँडलला जो बारीक थरथराट देतात तो कॅमेऱ्याला सोसत नाही. खड्ड्याचा मोठा दणका कॅमेऱ्यातलं स्थिरीकरण गिळून टाकतं. थरथराट मात्र चित्रात उतरतो आणि समोरचा डांबरी रस्ता जेलीसारखा हलायला लागतो. जुना मोबाइलच हँडलला लावून काम भागवू म्हणणाऱ्यांसाठी एक माहिती. अ‍ॅपलने २०२१ मध्ये स्वतःच सांगितलं की जास्त ताकदीच्या मोटरसायकलच्या इंजिनाची कंपनं आयफोनच्या कॅमेऱ्याचं काम बिघडवू शकतात. लेन्स स्थिर ठेवणारी आणि फोकस साधणारी आतली यंत्रणा अतिशय नाजूक असते. ती थरथर सहन करत राहिली तर कालांतराने फोटो धूसर यायला लागतात.

छातीवरचा पट्टा चांगला, पण सरळ बसून चालवायच्या गाडीवर. पुढे झुकून चालवायच्या गाडीवर त्यात पेट्रोलच्या टाकीशिवाय काही येत नाही. हेल्मेटच्या डोक्यावर कॅमेरा लावणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. वेग वाढला की वाराच त्यांची मान मागे ओढतो.

राहिली हनुवटी. पूर्ण तोंड झाकणाऱ्या हेल्मेटच्या हनुवटीवर बसवलेला कॅमेरा आपण बघतो ते बघतो. वळणावर मान आधी वळते, तसं चित्रही आधी वळतं. खाली हँडल, मीटर, हातमोजे आणि आरसे दिसत राहतात, त्यामुळे वेगही खरा वाटतो. माझं मत हनुवटीलाच. मात्र हेल्मेट हे आधी हेल्मेट आहे. त्याला भोक पाडायचं नाही, स्क्रू मारायचा नाही. पडल्यावर माउंट मोडून बाजूला उडाला पाहिजे, म्हणून हेल्मेटवर प्लॅस्टिकचंच बकल असावं. धातूचे भक्कम जोड गाडीच्या नळीला शोभतात. कॅमेरा लावलेलं हेल्मेट पडताना कसं वागेल, ही शंका रास्त आहे. केरळच्या मोटार वाहन विभागाने २०२२ मध्ये याच कारणावरून हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यांविरुद्ध कारवाई जाहीर केली होती. दुसऱ्या राज्यात जाताना तिथला नियम विचारून घ्यावा.

चिकटवायचं काम घाईचं नाही. हनुवटीचा भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचा, कोरडा होऊ द्यायचा, पट्टी दाबून बसवायची आणि चोवीस तास हेल्मेटला हात लावायचा नाही. रात्री चिकटवून पहाटे निघणाऱ्यांचे कॅमेरे रस्त्याकडेच्या गवतात सापडतात, किंवा सापडत नाहीत. चिकटवण्याआधी काच पूर्ण वर जाते का आणि हनुवटीवरचं हवेचं छिद्र बुजत नाही ना, हेही बघावं. पावसात ते छिद्र बंद झालं की काचेवर वाफ धरते, आणि मग कॅमेऱ्याला रस्ता दिसतो, आपल्याला नाही.

कोन ठरवताना बहुतेकजण हेल्मेट हातात धरून स्क्रू आवळतात आणि घरी येऊन बघतात तर नुसतं आभाळ. हेल्मेट घालायचं, गाडी मेन स्टँडवर घ्यायची, रोज बसतो तसं बसायचं, नजर समोर ठेवायची आणि मग मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये चित्र बघायचं. क्षितिज मधोमध किंवा किंचित वर, खालच्या भागात मीटर. कॅमेरा उलटा टांगला असेल तर चित्राची दिशा सेटिंगमध्ये कायम करून टाकावी. ती आपोआप ठरू दिली तर कधीतरी अख्खा घाट डोक्यावर उभा राहतो. पुढचा लाल दिवा चालू ठेवावा. सिग्नलला थांबल्यावर आरशात जरा मान वाकवली की दिवा दिसतो आणि चित्रण चालू आहे याची खात्री होते. चालत्या गाडीवर हात हनुवटीकडे गेला, तर मांडणी चुकली आहे असं समजावं.

आवाजाचं सोपं आहे. कॅमेऱ्याच्या स्वतःच्या माइकमध्ये वेग वाढल्यावर वाऱ्याच्या घोंघाटाशिवाय काही येत नाही. बोलायचं असेल तर छोटा माइक हेल्मेटच्या आत, गालाच्या गादीखालून तोंडाजवळ आणावा. बोलायचं नसेल तर उत्तमच. घाटात मागून कोणीतरी "गाईज, गाईज" करत असलेले व्हिडिओ महाराष्ट्राला पुरेसे झाले आहेत.

आता सेटिंग, त्यातलं एकच सांगतो. साताऱ्याकडून पुण्याला येताना खंबाटकीच्या बोगद्यात शिरलं की काहींच्या चित्रात काळे पट्टे सरकायला लागतात. कॅमेरा बिघडलेला नसतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून त्या विजेवरचे बरेच दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते कळत नाही. कॅमेरा ६० हर्ट्झच्या हिशेबाने, म्हणजे सेकंदाला ३० किंवा ६० चित्रांवर लावलेला असेल तर दोघांची लय जुळत नाही. सेटिंगमध्ये फ्लिकरच्या जागी ५० हर्ट्झ निवडावं, म्हणजे कॅमेरा २५ किंवा ५० चित्रांवर येतो. फोर-के आणि २५ चित्रं एवढ्यावर सगळी राइड निघते. क्षितिज सरळ ठेवणारी सोय मात्र बंद ठेवावी. ती चालू असली की वळणावर गाडी झुकलेली दिसतच नाही, आणि मग घाटात गेलात कशाला?

कार्डाचा हिशेब कागदावर करावा. सेकंदाला १०० मेगाबिट या दराने तासाला ४५ जीबी लागतात, म्हणजे १२८ जीबीचं कार्ड पावणेतीन तासांत भरतं. कार्डावर व्ही३० छापलेलं असलं की पुरे, त्याहून महागड्याची गरज नाही. पण कार्ड बिल देणाऱ्या दुकानातूनच घ्यावं, नकली कार्डांचा सुळसुळाट आहे. बॅटरीचं म्हणाल तर उन्हात, ट्रॅफिकमध्ये उभं राहिलं की वारा लागत नाही आणि कॅमेरा तापून बंद पडतो. थांबलात की चित्रण थांबवा. पॉवर बँकची वायर जोडायला कॅमेऱ्याचं झाकण उघडं ठेवलंत, तर तो जलरोधक राहत नाही. खोक्यावर पाण्यातली जी खोली लिहिलेली असते ती झाकण बंद असतानाची. पावसात दोन जादा बॅटऱ्या खिशात बऱ्या.

एवढं ठरल्यावर कॅमेरा निवडायला वेळ लागत नाही. हनुवटीसाठी हलका, बॅटरी बदलता येणारा, समोर पडदा असलेला कोणताही चालेल. पहाटे किंवा अंधार पडल्यावर जास्त चालवणाऱ्यांनी मोठ्या सेन्सरचा घ्यावा. चारही बाजू एकदम टिपणाऱ्या थ्री-सिक्स्टीची चित्रं भन्नाट दिसतात, कॅमेरा ज्या काठीवर लावला ती काठीसुद्धा चित्रातून गायब होते. पण दोन्ही बाजूंची लेन्स उघडी असते आणि ट्रकच्या चाकाखालून उडालेला खडा मॉडेल बघत नाही. शिवाय घरी बसून कोणत्या दिशेला बघायचं ते पुन्हा निवडावं लागतं. भाच्याला हे सांगितलं, तेव्हा त्याने थ्री-सिक्स्टीचा नाद सोडला.

एक काम मात्र निघण्याआधी करा. बॅटरी बराच काळ बाहेर राहिली की कॅमेऱ्यातली तारीख-वेळ बिघडू शकते, ती अ‍ॅपमधून नीट लावून घ्या. वाटेत कोणी ठोकून पळालं तर हेच फुटेज पुरावा ठरतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे असं चित्रण न्यायालयात देताना सोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं. म्हणून अपघाताची मूळ फाइल न कापता, नाव न बदलता, कार्डासकट बाजूला काढून ठेवा.