आरोग्य-विवेक : बीज पक्व होताना

संततीची वाट पाहणाऱ्या घरात सुनेच्या रक्ततपासणीचा कागद येतो. त्यावरील ‘एएमएच कमी’ हे शब्द वाचले जातात आणि सारा दोष तिच्या माथी येतो. वस्तुतः हे मोजमाप अंडाशयात शिल्लक असलेल्या पुटिकांच्या संख्येचा अंदाज देते. स्त्रीबीजाचा कस सांगत नाही. शिवाय पतीची तपासणी झालेली नसताना कोणताही निष्कर्ष अपुराच ठरतो.

मुलगी आईच्या गर्भात असतानाच तिची सर्व बीजे तयार होतात. जन्मसमयी त्यांची संख्या दहा ते वीस लाख असते. वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात आणि आयुष्यभरात जेमतेम चारशे-पाचशे पक्व होऊन बाहेर पडतात. प्रत्येक बीज विभाजनाच्या अर्ध्या वाटेवर, वर्षानुवर्षे जणू निद्रिस्त राहते.

बीजाभोवतीची पुटिका त्याचे पोषण करते. पुटिकेच्या बाहेरील पेशी अँड्रोजेन बनवतात आणि आतील पेशी त्याचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करतात. पुटिका सुमारे २० मिलिमीटरची होते, तेव्हा तिच्यातील द्रवात इस्ट्रोजेनचे प्रमाण रक्तातल्यापेक्षा हजारपटींनी अधिक असते. ज्या पुटिकेत इस्ट्रोजेन अँड्रोजेनपेक्षा वरचढ असते, तेथील बीज निरोगी असण्याची शक्यता अधिक असते. पुढे पीयूषिका ग्रंथीतून ल्युटिनायझिंग संप्रेरकाची लाट येते, पुटिकेत प्रोजेस्टेरॉन वाढू लागते आणि बीज जागे होऊन अखेरच्या टप्प्याकडे निघते. या प्रवासाला सुमारे ३६ तास लागतात. ही कालगणना रॉबर्ट एडवर्ड्स यांनी १९६५ साली मानवी बीजांवरील प्रयोगांतून मांडली. तिच्याच आधारे १९७८ मध्ये इंग्लंडात पहिले टेस्ट ट्यूब बाळ जन्मले. मुंबईत डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून १९८६ साली असेच बालक जन्माला आले.

या उपचारात बीज पक्व करणारे शेवटचे इंजेक्शन बहुधा रात्री दिले जाते, कारण त्यानंतर ३४ ते ३६ तासांनी बीजे काढायची असतात. ही वेळ चुकली तर बीज अपक्व हाती येते किंवा आधीच निसटते. रात्रीभोजनत्याग पाळणाऱ्या भगिनींनी ध्यानी घ्यावे की हे औषध तोंडावाटे घेतले जात नाही. गोळ्यांच्या वेळा मात्र उपचारापूर्वीच डॉक्टरांकडून सूर्यास्ताआधीच्या करून घेता येतील का, हे विचारावे.

उपवासाबाबतही विवेक हवा. दीर्घकाळ अन्न तुटल्यास मेंदूकडून अंडाशयाला जाणारे संकेत मंदावतात आणि पाळी अनियमित होऊ शकते. षोडशकारण भावनांत ‘शक्तितस्तप’ आहे. शक्तीप्रमाणे तप, शक्तीबाहेर नव्हे. उपचाराच्या काळात दशलक्षण पर्व आले, तर दहा उपवासांऐवजी स्वाध्याय, जाप आणि क्षमाधर्म यांनीही पर्व सार्थ होते.

सर्वांत नाजूक प्रश्न भ्रूणांचा. अनेक बीजांचे फलन केले, तर काही भ्रूण उरतात. भारतातील २०२१ च्या कायद्यानुसार ते जास्तीत जास्त दहा वर्षे साठवता येतात. त्यानंतर ते नष्ट होऊ द्यावे लागतात किंवा संमतीने संशोधनास देता येतात. अहिंसेचे व्रत मानणाऱ्या दांपत्याने हा विचार संमतिपत्रावर सही करण्यापूर्वीच करावा. मोजक्याच बीजांचे फलन करून उरलेली बीजे फलनाविना गोठवणे शक्य आहे का, हे डॉक्टरांना विचारावे. यशाची शक्यता त्यामुळे कमी होऊ शकते, हेही समजून घ्यावे. त्यानंतर मनाला पटेल तो निर्णय दोघांनी मिळून घ्यावा.

बीज पक्व होणे ना सुनेच्या इच्छेवर अवलंबून, ना सासूच्या आग्रहावर. घराच्या हाती आहे ते एवढेच : तिला टोचून बोलू नये, वेळेवर इंजेक्शन मिळेल याची काळजी घ्यावी आणि निकाल काहीही लागो, तिचा मान अबाधित ठेवावा. अहिंसेचा आरंभ वाणीपासूनच होतो.