आधी ‘थांबा’ म्हणायला शिका

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने ब्राँझपदक मिळवलं, तेव्हा त्याच्यासोबत त्याच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे यांचंही नाव घरोघरी पोचलं. दीपालीताई स्वतः २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये खेळलेल्या. त्याच ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी गाठणाऱ्या सुमा शिरूर पुढे अवनी लेखराच्या प्रशिक्षक झाल्या आणि अवनीने २०२१ व २०२४ च्या पॅरालिम्पिकमध्ये सुवर्णपदकं जिंकली. नेमबाजी ‘शिकवणं’ हेही बाईचं काम आहे, हे आता वेगळं सांगायला नको.

आता तालुक्याच्या गावांतही शाळेच्या हॉलमध्ये, मंगल कार्यालयाच्या मागच्या शेडमध्ये दहा मीटरच्या एअर रायफलची रेंज दिसू लागली आहे. एनसीसीत किंवा राज्य स्पर्धेत खेळलेल्या मुली तिथे शिकवायला उभ्या राहतात. माझ्या हाताखालून गेलेल्या काही जणी त्यांत आहेत. त्या विचारतात, “मॅडम, पहिल्या दिवशी काय शिकवायचं?” माझं उत्तर ठरलेलं. नेम नंतर. आधी ‘थांबा’ म्हणायला शिका.

आपल्याकडची मुलं रेंजवर कोरी येत नाहीत. दिवाळीत टिकल्यांचं पिस्तूल भावाच्या छातीवर रोखून ‘ठो’ करायची सवय घेऊन येतात. पहिला आठवडा ती सवय मोडण्यात घालवा. चार गोष्टी पाठ करून घ्या. बंदूक नेहमी भरलेलीच आहे असं समजायचं. नळी कायम टार्गेटकडे. नेम धरेपर्यंत बोट चापावर नाही. आणि टार्गेटच्या मागे काय आहे ते माहीत असल्याशिवाय गोळी सोडायची नाही. एअर रायफलला परवाना लागत नाही म्हणून पुष्कळ पालक तिला खेळणंच समजतात. तिचा ४.५ मिलिमीटरचा छर्रा डोळा कायमचा घालवू शकतो, हे पालकांसमोर स्पष्ट सांगा. सांगताना हसू नका.

शाळेचा हॉल असेल तर टार्गेटच्या बाजूची दारं-खिडक्या आतून कडी लावून बंद हव्यात. शिपाईमामा चहा घेऊन नेमके त्याच दारातून येतात! कागदी टार्गेट बदलायला जाण्याआधी प्रत्येक रायफल रिकामी, नळीत भडक रंगाचा सेफ्टी फ्लॅग, रायफल खाली ठेवलेली आणि मुलं रेषेपासून मागे सरकलेली. हे सगळं स्वतःच्या डोळ्यांनी बघा, मगच ‘जा’ म्हणा. “मॅडम, रिकामीच आहे,” हे वाक्य ऐकून कधीही विश्वास ठेवायचा नाही, बोलणारी मुलगी कितीही गुणी असो.

आता मुद्द्याचं बोलते. हे नियम पुस्तकातही सापडतील. अडतं ते वेगळ्याच जागी. आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं, मोठ्यांना तोडून बोलू नये, चारचौघांत आवाज चढवू नये. नेमकं हेच रेंजवर घातक ठरतं. उद्‌घाटनाला आलेले पाहुणे रायफल उचलतात आणि फोटोसाठी नळी सरळ फोटोग्राफरकडे वळवतात. संस्थेचे अध्यक्ष चाललेल्या सरावात “जरा बघतो” म्हणत रेषेपुढे जातात. अशा वेळी नवी शिक्षिका गप्प बसते, कारण समोर ‘साहेब’ असतात. बायांनो, तिथे गप्प बसायचं नाही. मोठ्याने, एका शब्दात ‘स्टॉप’ म्हणायचं. सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं, साहेबांनीसुद्धा. राग आला तर चहाच्या वेळी समजूत काढता येते, गेलेला डोळा काही परत आणता येत नाही. आणि धोका दिसला तर सर्वांत लहान मुलीलाही ‘स्टॉप’ ओरडायचा हक्क आहे, हे पहिल्याच दिवशी जाहीर करा. तिचा इशारा चुकीचा निघाला तरी तिला रागावू नका. एकदा रागावलात, तर पुढच्या वेळी ती ओरडणार नाही.

खंडेनवमीला रेंजवर शस्त्रपूजा होते. हळदीकुंकू वाहण्याआधीही नळी तपासा, फ्लॅग लावा. पूजा झाली तरी शस्त्र ते शस्त्रच.

काही लहान वाटणाऱ्या गोष्टीही सांभाळा. छर्रे शिशाचे असतात, म्हणून रेंजवर डबा उघडायचा नाही आणि सराव संपल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय खायचं नाही. दिवस गेलेल्या शिक्षिकेने तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय रेंजवर उभंच राहू नये. हवेच्या सिलिंडरवरची मुदत वाचा. मुदत संपलेलं सिलिंडर ‘अजून चालतंय’ म्हणून वापरू नका. रायफली कुलपात ठेवा, किल्ली तुमच्या पर्समध्ये. मुलीची पोझिशन सुधारताना “खांद्याला हात लावू का?” असं आधी विचारा. तुम्ही बाई असलात तरी विचारा. म्हणजे उद्या दुसऱ्या कुणी न विचारता हात लावला, तर ते वावगं आहे हे तिला कळेल.

पालक महिनाभरात विचारू लागतील, “मेडल कधी?” घाई करू नका. दहा मीटर एअर रायफलचा दहा गुणांचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. तो गाठायला आधी छर्रा न घालता नुसती रायफल धरून, श्वास सांभाळून तासन्‌तास उभं राहावं लागतं. त्याला ‘ड्राय फायरिंग’ म्हणतात. मुलांना ते कंटाळवाणं वाटतं, पण त्यातच हात स्थिर होतो आणि शिस्त अंगात मुरते. एनसीसीपासून सुरुवात करणाऱ्या अंजली भागवत २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचल्या, त्यामागेही अशीच वर्षानुवर्षांची मेहनत होती.

तुमच्या रेंजवरून पदक येईल तेव्हा येईल. पण रोज संध्याकाळी प्रत्येक मूल धडधाकट घरी पोचलं पाहिजे. ती जबाबदारी तुमच्या आवाजावर आहे. तेव्हा तो आवाज आजपासूनच मोकळा करा.